पाताळकोटाहून लावलेला ट्रंक कॉल

खापरखेड्याच्या वीजघरात माझ्या टेबलावर तीन फोन आहेत. एक बॉयलरकडे जातो, एक यार्डात, आणि तिसरा नागपूरच्या सबस्टेशनला. आठ तासांच्या पाळीत तिघंही चढाओढीनं वाजतात. सुट्टी घ्यायचीच तर जिथे घंटी नावाची वस्तू नसेल अशाच ठिकाणी घ्यायची, असं मी नोकरीला लागल्यापासून म्हणत होतो. यंदा दिवाळीनंतर तशी जागा सापडली. आणि घरून निघाल्याच्या चौथ्या दिवशी तिथे मी त्याच घंटीसाठी डोंगरभर वणवण केली, त्याची ही हकिगत आहे.

जाण्याचं खरं कारण आधी सांगून टाकतो. निघण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नागपुरात आम्ही एक मुलगी पाहून आलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या गावाहून, भिवापूरहून, आलेले मामाजी, भाऊ आणि वहिनी. पोहे झाले, चहा झाला, मुलीचं नाव सुमन आहे आणि ती शाळेत शिकवते एवढं कळलं. निघताना मामाजी नेहमीच्या पद्धतीनं म्हणाले, "कळवतो." 'कळवतो' म्हणजे बहुतेक वेळा नाहीच, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच मुलीच्या वडिलांनी हात जोडून सांगितलं, "बुधवारच्या संध्याकाळपावेतो कळवा जी. गुरुवारी अमरावतीचे पाहुणे येऊन राहिले. तुमचं हो असंल तर त्यांले थांबवतो." आणि त्यांनी घराखालच्या औषधांच्या दुकानाचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला.

मला चपला घ्यायलाही तीन दुकानं आणि दोन रविवार लागतात. मामाजी म्हणाले, हो म्हण. वहिनी म्हणाली, अमरावतीवाल्यांच्या आधी म्हण. मी म्हणालो, विचार करतो. आणि विचार करायला म्हणून रविवारी पहाटे बाबारावभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून सातपुड्याकडे निघालो.

बाबारावभाऊ आमच्याकडे फिटर आहेत. दोन मुलींची लग्नं उरकलेला, पंचेचाळिशीचा धट्टाकट्टा माणूस. गाडी त्यांची, पेट्रोल माझं, आणि बोलणं अर्थात त्यांचंच.

रविवार

सावनेर सोडलं की संत्र्यांच्या बागा लागतात आणि सौसरपर्यंत सोडत नाहीत. झाडांना बांबूचे टेकू दिले होते, तरी फांद्या जमिनीला लागत होत्या. सौसरला चहा प्यायलो. राज्य बदललं होतं, पण दुकानदार आमच्याशी आमच्याच बोलीत भांडला. मला कुतूहल होतं की मराठी नेमकी कुठे थांबते. म्हणून प्रत्येक थांब्यावर मी काहीबाही विचारत होतो. रामाकोन्याला मराठी होती. सिल्लेवानीचा घाट चढून वर आलो, एका म्हातारीला विचारलं, "मावशी, छिंदवाडा किती दूर?" ती म्हणाली, "बस, आ ही गया, बेटा." म्हणजे भाषा घाटात उतरून राहिली होती. बाबारावभाऊंना ही सारी चौकशी वेड्यासारखी वाटली.

"तू पोरगीबद्दल विचार करायले आला ना गा? म्हाताऱ्यायले काहून पकडून राहिला?"

छिंदवाड्याला धर्मशाळेत उतरलो. मुगाच्या गरम मंगोड्या खाल्ल्या, सोबत हिरव्या मिरचीची चटणी. आपल्याकडे भज्यांबरोबर तळलेली मिरची देतात, ती भज्यापेक्षा मोठी असते. तिथे मिरची वाटून पाण्यात पार हरवून टाकतात. भिवापूर मिरचीचं गाव; तिथल्या माणसाचं हे दुःख दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. माझ्या पिशवीत वहिनीनं दिलेली मिरचीपुडीची डबी होतीच, ती बाहेर काढली.

सोमवार

कोळशाच्या खाणींचा काळा पट्टा मागे पडला आणि साग सुरू झाला. थंडी इतकी, की मी बाबारावभाऊंच्या पाठीला चिकटून बसलो, आणि त्यावरूनही त्यांनी मला चिडवून घेतलं. दुपारी घाटावरच्या एका बाजाराच्या गावात पोचलो. या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या पोस्टमास्तरांनी माझ्यासाठी एक बेकायदा गोष्ट केली आणि ती त्यांना महागात पडू नये अशी माझी इच्छा आहे. त्या दिवशी मात्र पोस्टाकडे माझं लक्षही गेलं नाही.

तिथून पुढे कच्च्या रस्त्यानं वनखात्याचा नाका लागतो, आणि नाक्यापासून थोडं चाललं की जमीन संपते. खरोखर संपते. तुम्ही काठावर उभे असता आणि पायाखाली पाताळकोट. सगळीकडून उभे कडे, मध्ये जंगलानं भरलेली दरी, तिच्या तळाशी सुटी सुटी घरं. एका छपरावर वाळत घातलेला मका मला वरून पिवळ्या ठिपक्यासारखा दिसला. तिथे माणसं राहतात, नांगरतात, लग्नं करतात, आणि मीठ संपलं की हा कडा चढून वर येतात. मी बराच वेळ बघत राहिलो. नाक्याचा चौकीदार म्हणाला, "कल नीचे ले चलूँगा. आज देर हो गई. नीचे धूप जल्दी चली जाती है."

मंगळवार

चौकीदाराचं नाव सुखलाल. भारिया समाजाचा, खालच्याच एका गावातला. वर नोकरी, खाली घर. तो दगडांवरून आणि मुळांना धरून असा उतरत होता की जणू घरच्या पायऱ्या. बाबारावभाऊ अर्ध्या वाटेत बसले आणि मोटारसायकल इथवर आणता आली असती तर किती बरं झालं असतं, यावर बोलले.

खाली पोचलो तर दहा वाजून गेले होते, आणि ऊन नुकतंच तळाला टेकत होतं. सुखलालची बायको फुलवती अंगणात आवळे निवडत होती. तिनं मक्याची पेज दिली, कुटकी नावाच्या बारीक धान्याचा भात दिला, आणि बसायला घोंगडी दिली. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात. तिनं आधी विचारलं, "थके तो नहीं?" आणि आम्ही नाही म्हणेपर्यंत पाणी दिलं नाही. दमलेल्या माणसानं लगेच पाणी पिऊ नये, असं सुखलालनं समजावलं.

भातावर मी माझी मिरचीपुडी घेतली आणि मोठेपणानं डबी पुढे केली. म्हटलं, हमारे भिवापूर की मिरची, पूरे इलाके में मशहूर. फुलवतीनं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, विचार केला आणि म्हणाली, "रंग बहुत है. गुस्सा कम है." मग घरात जाऊन तिनं बोराएवढ्या गोल मिरच्या आणल्या. मी एक खाल्ली. पुढची दहा मिनिटं मी तोंडानं वारा ओढत राहिलो, आणि बाबारावभाऊ मात्र फुलवतीला आमच्या भिवापूरबद्दल जे नाही ते सांगत होते.

डोळ्यांतलं पाणी पुसत मी आवळ्यांच्या ढिगाजवळ बसलो होतो. मनात वाक्य जुळवत होतो. 'रंग बहुत है, गुस्सा कम है असं ती म्हणाली, आणि मग मला…' हे कोणाला सांगायचं म्हणून जुळवतोय, असा प्रश्न मला पडला. भावाला नाही, मामाजींना तर नाहीच. मग लक्षात आलं की रविवारपासून हेच चाललंय. घाटातली म्हातारी, मराठी कुठे थांबते ते, छपरावरचा मका, सगळं मी एकाच व्यक्तीला सांगायचं म्हणून मनात मांडत आलो होतो. वीस मिनिटं समोर बसलेल्या, खाली न पाहता सरळ माझ्याकडे पाहणाऱ्या त्या शिक्षिकेला. मला फार आनंद झाला आणि लगेच फार भीती वाटली, कारण ऊन कड्यावर सरकायला लागलं होतं आणि उद्या बुधवार होता.

"भाऊ," मी म्हटलं, "माझं हो आहे."

बाबारावभाऊंनी पेजेचा वाडगा खाली ठेवला. "आता? इथं? या खड्ड्यात ठरलं तुयं?"

"उद्या संध्याकाळपर्यंत कळवलं पाहिजे."

"मंग काल काठावर काहून नाही ठरवलं? दोन घंट्यांचा चढ वाचला असता."

बुधवार

आम्ही मुक्कामाला नाक्यावर परतलो होतो. सकाळी चहाच्या वेळी मला भिंतीवर लाकडी पेटी दिसली, बाजूला हँडल. फोन! सुखलालनं सांगितलं, ही जंगलाची लाइन आहे. नाक्यानाक्यांमधून झाडांना बांधलेली तार जाते आणि रेंज ऑफिसात संपते. त्यापलीकडे तिला जगात कोणी नाही. तरी मी हँडल फिरवायला लावलं. दुपारी बाराला कुठे लाइन लागली, आणि रेंज ऑफिसातले बाबू म्हणाले की या लाइनीवर वणवा, चोरी आणि वाघ एवढेच निरोप घेतात.

"वणवाच म्हणा," बाबारावभाऊ मागून ओरडले. "आमच्या पोट्ट्याच्या घरी आग लागून राहिली!"

बाबू हसले, पण नाहीच म्हणाले. मला ते पटलं. आमच्या तिसऱ्या फोनवर कोणी लग्नाचा निरोप द्यायला लागला असता, तर मीही हेच केलं असतं.

राहिलं बाजाराच्या गावातलं पोस्ट. अंतर फार नव्हतं, पण चढावर क्लचची तार तुटली. बाबारावभाऊंनी गाडी दगडावर टेकवली, पाना काढला, आणि तोंडानं मला, मामाजींना आणि अमरावतीच्या पाहुण्यांना शिव्या देत काम सुरू केलं. समोरून एक गुरुजी सायकल ढकलत येत होते. आमची कथा ऐकून त्यांनी आपल्या सायकलच्या मागच्या ब्रेकची तार काढून दिली. "उतार पे पैदल चला जाऊँगा," म्हणाले. ती तार बसवायला अडीच तास लागले. गावात शिरलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि आठवडी बाजार पूर्ण भरात होता.

पोस्टमास्तर, त्यांना आपण दुबेजी म्हणू, बाहेर उन्हात खुर्ची टाकून, घोंगडी पांघरून मनीऑर्डरी लिहीत होते. त्यांनी शांतपणे सारं ऐकलं आणि मग मला ट्रंक कॉलचं शास्त्र समजावलं. नुसत्या नंबरावर कॉल लावला, तर औषधवाल्यानं फोन उचलल्याबरोबर घड्याळ सुरू. तो वर जाऊन माणूस आणेपर्यंत कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपणार. माणसाच्या नावानं कॉल लावला, तर तो माणूस फोनवर आल्यावरच घड्याळ चालतं.

"तो नाम बताइए. पूरा नाम."

मी खिशातली चिठ्ठी काढून उलटसुलट पाहिली. आडनाव भोयर, एवढं माहीत होतं. पण त्या घरात तीन भोयर भाऊ राहतात. तिघंही शनिवारी सतरंजीवर बसले होते, तिघांनाही आम्ही काकाजी म्हणालो होतो, आणि त्यांनी आम्हाला पाहुणे. मुलीच्या बापाला त्याचं नाव कोण विचारतो? नावागावाचं टिपण मामाजींच्या खिशात होतं, मामाजी भिवापुरात, आणि भिवापूरच्या घरी फोन नाही. चिठ्ठीवर नुसता नंबर.

"सासऱ्याचं नाव नाही माहीत तुले?" बाबारावभाऊ थक्क झाले. "अन् पोरगी मागून राहिला?"

"तीनों में से कोई भी चलेगा?" दुबेजींनी विचारलं.

चालणार नव्हतं. थोरल्या काकाजींच्या मेहुण्यानंच अमरावतीचं स्थळ आणलं होतं. त्यांच्या कानी माझा होकार पडला असता, तर तो जिन्यातच राहिला असता.

त्या घरातलं एकच पूर्ण नाव मला येत होतं. ते मी स्वतः विचारलं होतं, सगळ्यांसमोर, पोह्यांची बशी हातात धरून. मी दुबेजींना ते सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

चार वाजून गेले तेव्हा घंटी वाजली. छिंदवाड्याचे ऑपरेटर बोलले, मग त्यांच्याही मागून एका बाईंचा ठसठशीत आवाज आला. "नागपूर बोलून राहिली. सुमन भोयर आल्या जी फोनवर. बोला."

"मी विनायक. खापरखेड्याचा."

तिकडून काहीतरी पुटपुट ऐकू आली. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "त्यांले तुमचा आवाज नाही येऊन राहिला. मले येते. काय सांगू, मी सांगते."

तिच्या वडिलांना सांगायचं वाक्य मी गाडीवर घोकून ठेवलं होतं, 'मुलगी पसंत आहे.' ते आता त्या मुलीलाच, तेही एका अनोळखी बाईच्या तोंडून सांगायचं, म्हटल्यावर मला त्या वाक्याची लाज वाटली. लुगडं पसंत करतात, तसं वाटलं. मी म्हटलं, "सांगा, माझा होकार आहे."

"त्यांचा होकार आहे म्हणते जी!" ऑपरेटरबाईंनी खणखणीत पोचवलं. मग बराच वेळ खरखर. मग ऑपरेटरबाईच हसल्या. "त्या म्हणून राहिल्या, होकार कायचा? मले तर कोणी काही इचारलंच नाही."

मी खाली पडलेल्या टपालाच्या थैलीवर बसलो. खरं होतं. मी विचारलं होतं नाव, शिक्षण, शाळा. माझ्या मामाजींनी विचारलं होतं स्वयंपाक. चार दिवस मी डोंगरात बसून माझंच हो-नाही तोलत होतो, आणि दुसऱ्या पारड्यात कोणी आहे हे मला सुचलं नव्हतं.

"मग विचारा त्यांना," मी म्हटलं, "मी चालेन का."

"हे तुम्हीच इचारा जी. जोरानं बोला, येईल ऐकू."

मी उभा राहिलो आणि ओरडलो. वीजघरात टर्बाइन चालू असताना ओरडतो तसं. "सुमनताई—" छे, ताई कसं म्हणणार! "सुमन! मी चालेन का तुम्हाला?" खिडकीबाहेर वाळलेली मोहाची फुलं विकणाऱ्या दोन बायका वळून पाहायला लागल्या. बाबारावभाऊंनी त्यांना हिंदीत भाषांतर करून दिलं.

आणि मग पहिल्यांदा तिचा स्वतःचा आवाज आला, अगदी बारीक, पण स्पष्ट. "तुम्ही चार दिवस घेतले ना? मले अर्धा तास द्या. तिथला नंबर सांगा, मी लावते."

"तीन मिनटं झाले. नंबर आहे मायापाशी," ऑपरेटरबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही ते आवडलं नसावं असं मला वाटलं.

अर्धा तास म्हणजे पावणेपाच. पोस्ट पाचला बंद होतं. बाबारावभाऊंनी संत्रं सोललं आणि निम्मं मला दिलं. मी त्याच्या फोडी मोजत बसलो. तिला नाही म्हणायचा पूर्ण हक्क होता आणि माझ्याकडे तिला देण्यासारखं एकही कारण नव्हतं. काय सांगणार होतो मी? पाताळकोटातल्या मक्याचं? पावणेपाच झाले. पाच झाले. शिपायानं कुलूप आणलं. दुबेजींनी ते त्याच्या हातातून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तू जा, बाज़ार कर ले." मग त्यांनी कंदील लावला आणि दुपारी लिहिलेल्या मनीऑर्डरी पुन्हा तपासायला घेतल्या.

सव्वापाचला घंटी वाजली. मी झडप घातली. "हॅलो, सुमन?" तिकडे नुसता वारा. एकदा तिचा आवाज आल्यासारखा वाटला, मग खट् आणि काहीच नाही. मी हॅलो हॅलो करत राहिलो. दुबेजींनी हळूच फोन माझ्या हातून काढून जागेवर ठेवला. बाबारावभाऊ उठले आणि किक मारायला निघाले. "चाल गा. रातभर गाडी चालवतो. सकाळी त्यांच्या दारात उभं करतो तुले."

ते पायरी उतरले असतील-नसतील, तोच पुन्हा घंटी. या वेळी छिंदवाड्याचे ऑपरेटर होते.

"नागपुर की लाइन टूट गई, साहब. लेकिन मैडम ने जो कहा, वो उधर की ऑपरेटर ने मुझे लिखवा दिया था. मराठी में है. जैसा लिखा है वैसा पढ़ दूँ?"

"पढ़िए."

ते एकेक शब्द जपून, अनोळखी खड्यांसारखा उचलून ठेवत वाचायला लागले. "'बाबांले सांगितलं. ते अमरावतीले तार करून राहिले, येऊ नका म्हणून. मी विचार केला. मले पटलं.'" मग थांबून त्यांनी विचारलं, "साहब, ये पटलं माने क्या? अच्छा है कि बुरा?"

"अच्छा," मी म्हटलं. "बहुत अच्छा."

"बधाई हो. नागपुर की लाइन अभी जुड़ रही है, पर एक मिनट से ज़्यादा नहीं टिकेगी. कुछ कहलवाना है?"

सांगायचं तर चार दिवसांचं होतं. बाबारावभाऊ दारात परत येऊन उभे होते, दुबेजींनी पेन खाली ठेवलं होतं.

"कहिए," मी म्हणालो, "सुनाई दिया."